मेल्टन मोब्रेचा मंगळवार: अण्णांना घेऊन इंग्लंडच्या आठवडे बाजारात

लेस्टरला राहून पाच वर्षं झाली आणि मेल्टन मोब्रे आमच्यापासून ट्रेननं जेमतेम पाव तासावर, तरी मी आजपर्यंत तिथं फक्त शनिवारी गेलेलो, एकदा पोर्क पाय (कणकेच्या वाटीत डुकराचं मांस भरून भाजतात तो इथला पदार्थ) घ्यायला आणि एकदा असाच, आणि दोन्ही वेळा वाटलेलं की ठीक आहे, छोटं गाव आहे, चर्च आहे, चौक आहे, झालं. म्हणजे मी चुकीच्या वारी जात होतो. या वेळी आई-अण्णा तीन महिन्यांसाठी आलेत आणि अण्णा म्हणजे जिल्हा परिषदेच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून अख्खी नोकरी केलेला माणूस, तीसुद्धा सांगोल्याकडं. त्यांना लंडन दाखवलं, ब्रिज दाखवला, राजवाडा दाखवला, सगळ्याला "बरं हाय" एवढंच. शेवटी मंगळवारी सुट्टी टाकली आणि मेल्टनला नेलं. तर हा रिव्ह्यू त्या मंगळवारचा. गावाचा, बाजाराचा, पायचा, चीजचा, सगळ्याचा मिळून.

आधी ट्रेनचं. लेस्टरहून गाडी सुटली की थोड्या वेळात रीक नदीचं खोरं लागतं, दोन्ही बाजूंना गवतच गवत, मधेच मेंढ्या. मी मोबाईलमध्ये, अण्णा खिडकीत. एकदम म्हणाले, "आरं, ह्या गवताखाली सरी-वरंबं हायत की." मी म्हटलं अण्णा, इथं कोण ऊस लावतंय. पण बघितलं तर खरंच, सकाळचं तिरकं ऊन पडलेलं आणि हिरव्या कुरणात लांबच लांब लाटा दिसत होत्या, समांतर. घरी येऊन वाचलं. मध्ययुगात इथं नांगरून धान्य घ्यायचे, त्या नांगरटीचे ते वरंबे. पुढं, विशेषतः अठराव्या शतकात, गावाच्या सामाईक जमिनींना कुंपणं पडली, जड चिकण माती, धान्यापेक्षा गवत परवडायला लागलं, मग मालकांनी नांगर थांबवून कुरणं केली. ती परत कुणी नांगरलीच नाहीत म्हणून जुने वरंबे गवताखाली तसेच राहिले. पाच वर्षांत मी त्या लाईननं किती वेळा गेलो असेन, एकदाही दिसले नाहीत. ज्याची त्याची नजर.

आणि हे गवत म्हणजेच या गावाची सगळी गोष्ट आहे बरं का. गवत आहे म्हणून गाई, गाई म्हणून दूध, दुधाचं स्टिल्टन चीज, चीज करताना निघालेलं पाणी (आपण पनीर केल्यावर जे पाणी उरतं ना, तेच) डुकरांना पाजायचे, त्यावर डुकरं पोसली जायची, आणि त्या डुकरांचा पोर्क पाय. वर पुन्हा सलग कुरणं म्हणजे घोडे फेकायला मोकळं रान, म्हणून कोल्ह्याच्या शिकारीसाठी अख्ख्या इंग्लंडातले श्रीमंत लोक इथं हिवाळाभर मुक्काम ठोकायचे आणि तो पाय खिशात टाकून घोड्यावर बसायचे. अण्णांना हे ऐकवलं तर म्हणाले, काहीच वाया घालवलेलं नाही म्हणायचं.

स्टेशनातून बाहेर पडून सरळ चालत गेलं की आय नदीवरचा छोटा पूल. ही आय आणि मघाची रीक एकच नदी आहे, गावाच्या वर आय आणि गाव ओलांडलं की रीक, का ते नदीलाच माहीत. पुढं ॲन ऑफ क्लीव्ह्ज नावाचा पब, चौदाव्या शतकातली दगडी इमारत, आधी चर्चच्या पुजाऱ्यांची. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजानं १५४० मध्ये या ॲनशी जानेवारीत लग्न केलं आणि जुलैत ते रद्द केलं, त्या तडजोडीत जी मालमत्ता तिला मिळाली त्यातली ही एक. आईचं मत, "डोकं शाबूत राहिलं आणि वर घर मिळालं, बाईचं बरं झालं की." त्या राजानं दोन बायकांची डोकी उडवली हे बघता बरोबरच आहे.

समोर सेंट मेरीज चर्च. हे मात्र आत जाऊन बघा, गावाच्या मानानं अवाढव्य आहे. वरच्या भिंतीत खिडक्यांची रांग आहे त्यातून उजेड असा उतरतो की पावसाळी दिवशीही दिवे नसले तरी चालेल. एवढ्याशा गावाला एवढं चर्च परवडलं ते लोकर आणि बाजार यांच्या पैशावर, दुसरं काय. माल्कम सार्जंट म्हणून मोठा ऑर्केस्ट्रा कंडक्टर होऊन गेला, तो तरुणपणी इथं ऑर्गन वाजवायला होता.

आता बाजार. चौकातला रस्त्यावरचा बाजार मंगळवारी आणि शनिवारी भरतो. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजानं करवसुलीसाठी करून घेतलेल्या त्या मोठ्या नोंदवहीत, मेल्टनच्या बाजाराची नोंद आहे. मंगळवार हा वार १३२४ च्या राजाच्या परवानगीपासून चालत आलाय. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या तीनशे वर्षं आधीपासून हे लोक मंगळवारी पिशव्या घेऊन निघतायत. नाव पण बघा, मेल्टन म्हणजे मधलं गाव, आणि मोब्रे हे नॉर्मन जहागीरदारांचं आडनाव. आजूबाजूला फ्रिस्बी, ॲस्फर्डबी, सॅक्सेल्बी अशी "बी" वाली गावं, ती डेन (डेन्मार्ककडून आलेल्या) लोकांनी वसवलेली. आपल्याकडं बुद्रुक-खुर्द वरून कळतं तसं इथं शेवटच्या अक्षरावरून कोण आलं होतं ते कळतं.

पूर्वी प्रत्येक मालाला वेगळा क्रॉस असायचा, म्हणजे दगडी खांब, त्याच्याभोवती तो तो बाजार. लोण्याचा बटर क्रॉस, धान्याचा कॉर्न क्रॉस, मेंढ्यांचा शीप क्रॉस. चौकात बटर क्रॉस आहे, आणि कॉर्न क्रॉस १९९६ मध्ये परत उभा केला तो लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाचं स्मारक म्हणून, कारण लष्कराचे कुत्रे आणि घोडे तयार करणारं केंद्र याच गावात आहे. हे कळल्यावर अण्णा त्या खांबापुढं चप्पल काढून उभे राहिले. मी काही बोललो नाही.

स्टॉल किती? खरं सांगायचं तर आपला आठवडे बाजार डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. भाजी-फळं, ब्रेड, रोपं, मासे, मोबाईलची कव्हरं, कापड, कुत्र्यांचे पट्टे, पडद्याची कापडं विकणारे एक आजोबा. गर्दी आहे पण ढकलाढकली नाही. भाजीवाला शेवटी ओरडतो थोडा, "पाउंड अ बोल" म्हणून, स्टीलच्या वाडग्यात भरून ठेवलेली भाजी एक पौंडाला, तेवढंच घरच्यासारखं वाटतं. आईनं सवयीनं कोथिंबीर वर टाका म्हणायचा प्रयत्न केला, मराठीत, हातवारे करून. त्याला कळलं, त्यानं एक लिंबू टाकलं. दोन वाजल्यानंतर मात्र जाऊ नका, सामान आवरायला लागतात.

एक गोष्ट मला फार आवडली ती म्हणजे हा बाजार नगरपालिका चालवत नाही. टाऊन इस्टेट नावाची गावाचीच संस्था आहे. धर्मसुधारणेच्या काळात चर्चच्या मालमत्ता राजा खालसा करत सुटला होता, तेव्हा गावकऱ्यांनी चांदीची भांडी वगैरे विकून त्या पैशातून जमीन घेतली, गावाच्या नावावर. १५४९ पासूनची गोष्ट. त्या जमिनीच्या उत्पन्नातून शाळा, पूल, रस्ते. आज बाजार आणि नदीकाठची बागही त्यांच्याकडंच. देवस्थानची इनाम जमीन म्हणा हवं तर, फक्त देव वजा. आई त्या बागेत बाकावर बदकांना बघत तासभर बसली आणि म्हणाली हीच जागा सगळ्यात बेस्ट, त्यामुळं तिच्यातर्फे बागेला पाचपैकी पाच.

मग आम्ही दोघं नॉटिंगहॅम स्ट्रीटनं जनावरांच्या बाजाराकडं निघालो. हा खरा मंगळवार. चौकापासून चालत पाच-दहा मिनिटं, पत्र्याच्या मोठ्या शेड, आत लोखंडी कठड्यांचे वाडे, त्यात मेंढ्या, कोकरं, गुरं, आणि वास... अण्णांनी आत शिरल्याबरोबर छातीभर श्वास घेतला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा माणूस घरी आल्यासारखा दिसला मला. तिकीट नाही, कुणी अडवत नाही, फक्त मधे मधे उभं राहू नका आणि जनावरांना हात लावू नका. बूट खराब होणार हे धरून चला, पांढरे स्नीकर्स घालून गेलेला शहाणा मीच.

लिलाव बघण्यासारखा. गुरांसाठी गोल रिंगण, भोवती पायऱ्या, उंचावर लिलाव पुकारणारा माईक घेऊन, आणि तो जे बोलतो ते इंग्रजी आहे यावर माझा अजून विश्वास नाही. आकडे नुसते वाहत असतात. घेणारे लोक कठड्याला रेलून उभे, कुणी हात वर करत नाही, कुणी भुवई उचलतो, कुणी हातातला कागद बोटभर हलवतो, आणि हातोडा पडतो. मी पूर्ण वेळ हात खिशात ठेवून उभा होतो, चुकून नाक खाजवलं आणि लेस्टरच्या फ्लॅटमध्ये बैल न्यायची वेळ आली तर? अण्णांना मात्र दहा मिनिटांत सगळं कळलं. कोण खाटकासाठी घेतोय, कोण पाळायला घेतोय, कोण नुसताच भाव चढवतोय, बोटानं दाखवत होते (मी ते बोट खाली करत होतो).

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खिलार बैलांचा सौदा रुमालाखाली व्हायचा, अण्णा लहानपणापासून बघत आलेले. दलाल आणि घेणारा हातात हात घालून वर उपरणं टाकणार, आत बोटं दाबून आकडा सांगायचा, बाजूच्याला काही कळता कामा नये. इथं बरोबर उलटं, भाव माईकवरून अख्ख्या शेडला ऐकू जातो. आणि दुसरं म्हणजे वजन. कटाईच्या जनावराचं जिवंत वजन आधी काट्यावर होतं, भाव किलोला. आपल्याकडं बकरं उचलून बघायचं, पाठीवरनं हात फिरवायचा आणि अंदाजानं बोलायचं. अण्णा बराच वेळ त्या काट्याकडं बघत राहिले, म्हणाले, "ह्यो काटा आपल्याकडं असता तर शेतकऱ्याचं किती वाचलं असतं." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले की पण रुमालाची मजा न्हाई. जातिवंत पैदाशीच्या जनावरांचे काही लिलाव इंग्लंडात आजही गिनीत होतात, गिनी म्हणजे एक पौंड पाच पेन्स, नाणं कधीच गेलं पण हिशोब राहिला. आपण सव्वा रुपया ठेवतो तसं काहीतरी.

बाजूला कोंबड्या, बदकं, सशांचाही लिलाव असतो, पोरं असतील तर तिथून हलणार नाहीत.

एका कठड्यापाशी म्हाताऱ्या शेतकऱ्यानं अण्णांना काहीतरी विचारलं, मी मधे पडून सांगितलं की हे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होते. मग तो २००१ च्या लाळ्या खुरकूतबद्दल बोलायला लागला. मी भाषांतर करत होतो पण "फूट अँड माउथ" हे शब्द अण्णांना माझ्याआधीच कळले. त्या वर्षी देशभर जनावरांची ने-आण बंद, बाजार बंद, आणि साथ थांबवायला साठ लाखांहून जास्त जनावरं मारली. आपल्याकडं लस टोचतात, तोंडाला-खुरांना औषध लावतात, जनावर बऱ्याचदा जगतं. इथं सरकारनं मारून टाकायचं ठरवलं, कळपच्या कळप, कारण रोगमुक्त देश म्हणून निर्यात टिकवायची होती. अण्णांनी आयुष्यात किती लसी टोचल्या असतील देव जाणे. त्यांनी त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, इंग्रज लोकांना असं चालत नाही म्हणतात, याला चालला.

आता खाणं. पायचं दुकान नॉटिंगहॅम स्ट्रीटवरच, डिकिन्सन अँड मॉरिस, १८५१ पासूनचं, पाटीवर जुन्या इंग्रजीचा आव आणून "ये ओल्ड पोर्क पाय शॉप" लिहिलेलं. पर्यटकांसाठी आहे का? आहेच. पण पाय चांगला आहे, तिथं खोटं नाही. मेल्टनचा पाय ओळखायचा कसा, तर त्याचं पोट सुटलेलं असतं. साचा न लावता मोकळाच भट्टीत ठेवतात, लाकडी ठोकळ्याभोवती हातानं कणीक वर चढवून वाटी करायची आणि ठोकळा काढून घ्यायचा, त्यामुळं भाजताना बाजू फुगतात. आत ताजं, न खारवलेलं डुकराचं मांस बारीक चिरून, म्हणून आतून गुलाबी नाही, करडं दिसतं. मीठ, मिरी, आणि भाजल्यावर वरच्या भोकातून हाडांच्या रश्श्याची जेली ओततात, ती थंड होऊन बसते. ती जेली सुरुवातीला कसं तरी वाटते, मी पहिल्यांदा काढून ठेवली होती, आता तीच आधी खातो. पण हे थंड खायचं असतं आणि आपल्या जिभेला सपक लागणार हे लक्षात ठेवा, सोरपोतेल खाणाऱ्या माझ्या गोव्याच्या मित्राला दिला तर त्यानं शांतपणे व्हिनेगर आणि लाल तिखट मागितलं. मी मोहरीचा सॉस लावून खातो. पाचपैकी चार.

१८३१ च्या सुमाराला एडवर्ड ॲडकॉक नावाच्या बेकरीवाल्यानं लंडनच्या घोडागाडीवरनं पाय पाठवायला सुरुवात केली, १८४६ मध्ये रेल्वे आली आणि मग धंदा सुसाट. मग अर्थातच सगळीकडं "मेल्टन मोब्रे" नावानं कुठलेही पाय विकायला लागले. इथल्या लोकांनी बरीच वर्षं भांडून २००९ मध्ये युरोपकडून नावाचं संरक्षण मिळवलं, ठरलेल्या भागात आणि ठरलेल्या पद्धतीनं केला तरच हे नाव. त्याच वर्षी आपल्या पुणेरी पगडीला जीआय मिळाला होता, एका वर्षात डोक्यावरचं आणि पोटातलं दोन्ही.

अण्णा बकरं खातात पण डुक्कर नाही, त्यामुळं त्यांनी फक्त कणकेचा काठ तोडून वास घेतला आणि डुकराचीच चरबी का विचारलं, मी हो म्हटलं, ठेवून दिला.

स्टिल्टनची गंमत तर वेगळीच. स्टिल्टन नावाचं गाव केंब्रिजशायरमध्ये आहे, लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर, तिथं घोडागाड्या थांबायच्या आणि खानावळीत हे चीज विकलं जायचं म्हणून ते नाव पडलं. १९९६ पासूनच्या नियमानं हे चीज फक्त लेस्टरशायर, डर्बीशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच काउंट्यांत करता येतं, म्हणजे स्टिल्टन गावात स्टिल्टन करायला कायद्यानं बंदी! कोल्हापुरी चपला अथणीकडंही होतात पण निदान कोल्हापुरात करायला कुणी अडवत नाही. मेल्टनच्या उत्तरेला बीव्हरचं खोरं आहे (लिहितात बेल्व्हॉयर, म्हणतात बीव्हर, माझ्याकडं बघू नका), तिथल्या लाँग क्लॉसन गावात १९११ मध्ये बारा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन डेअरी काढली, आपल्या सहकारी दूध संघासारखीच, ती अजून चालू आहे. चीजला सुयांनी भोकं पाडतात, हवा आत गेली की निळी बुरशी शिरांसारखी पसरते. आई माळकरी, तिला काळजी रेनेटची, म्हणजे दूध साकळायला वासराच्या पोटातलं काही घातलंय का. बरीच स्टिल्टन शाकाहारी रेनेटची असतात पण सगळी नाहीत, लेबलवर "सूटेबल फॉर व्हेजिटेरियन्स" बघूनच घ्या. तिनं नखाएवढा तुकडा खाल्ला, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, आणि म्हणाली, "पराठ्यात किसून घातलं तर लपंल." घरी केले. खरंच भारी लागतात, हिरवी मिरची जास्त घाला.

गावाच्या वेशीवर पाटी आहे की हे खाण्याची ग्रामीण राजधानी. खरंच आहे, आणि त्यात कुत्र्या-मांजरांचंही खाणं आलं, कारण मार्सची पेट फूडची मोठी फॅक्टरी इथंच आहे, पण पाटीवर फोटो पायचाच.

आणखी एक फुशारकी ऐकायला मिळते ती "पेंट द टाउन रेड" या इंग्रजी वाक्प्रचाराची, म्हणजे बाहेर पडून धमाल, धुडगूस घालणं. १८३७ च्या एप्रिलमध्ये वॉटरफर्डचा मार्क्विस, म्हणजे मोठा उमराव, आणि त्याचे दोस्त घोड्यांच्या शर्यतीवरून दारू पिऊन आले आणि गावाच्या नाक्यापासून दारं, पाट्या, जे दिसेल ते लाल रंगानं रंगवत सुटले. दंड झाला शंभर-शंभर पौंड. तो वाक्प्रचार इथूनच आला असं मेल्टनवाले छाती ठोकून सांगतात, भाषेचे अभ्यासक तेवढी छाती ठोकत नाहीत, कारण छापील उल्लेख सापडतात ते बरेच नंतरचे आणि अमेरिकेतले. रंग फासला हे मात्र खरं.

वाईट काय? एका चहाच्या दुकानात (नाव घेत नाही) तिघांना अर्धा तास बसवून कोमट पाण्यात पिशवी बुडवून दिली आणि स्कोन असा की अण्णांनी टेबलावर वाजवून बघितला. रस्त्यावर काही गाळे रिकामे, काचेवर "टू लेट", म्हणजे भाड्यानं देणे आहे. चारनंतर गाव झोपतं. आणि परतीची गाडी चुकली तर तासभर थांबायची तयारी ठेवा, चूक माझीच, मोजून दोन मिनिटं.

त्या तासात पिशवीतलं स्टिल्टन उन्हात राहिलं. गाडीत बसल्यावर समोरची बाई आधी आमच्या बुटांकडं बघायला लागली, मग पिशवीकडं, मग उठून पलीकडं गेली. डबा न्या बरोबर, घट्ट झाकणाचा. अण्णांना कशाचंच काही नाही, ते लेस्टर येईपर्यंत सांगोल्याच्या एका मित्राला फोनवर कोकराचा भाव सांगत होते, किलोला, रुपयांत करून, आणि तो पलीकडून ओरडत होता की काट्यावर? खरंच काट्यावर?